पायाचं बीपी आणि कागदावर न लिहिलेला आवाज

खूप दिवसांनी लिहितेय. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने तिच्या सासऱ्यांचा रिपोर्ट पाठवला, पायाच्या रक्तपुरवठ्याचा, आणि खाली लिहिलं होतं, "बघ गं, एबीआय १.२ आलाय म्हणजे नॉर्मल ना, मग बोटाची जखम का भरत नाहीये?" सासऱ्यांना डायबेटिस होऊन अठरा वर्षं झालीत. असे मेसेज मला अधूनमधून येतच असतात, कारण मी व्हॅस्क्युलर लॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या तपासायच्या लॅबमध्ये काम करते, लोकांच्या पायांचं डॉपलर करणं, म्हणजे ध्वनिलहरींनी धमन्यांतलं रक्त ऐकणं, हेच माझं रोजचं काम. तिला उत्तर देताना फोनवर अर्धा तास बोलले आणि मग वाटलं की हे सगळं एकदा नीट लिहूनच ठेवावं, कारण यातली एक गोष्ट मी फार वाईट पद्धतीने शिकलेय.

आधी एबीआय म्हणजे काय ते सांगते. पूर्ण नाव अँकल ब्रेकियल इंडेक्स, पण आम्ही पेशंटला सांगताना "पायाचं बीपी" असंच म्हणतो. दंडाचं बीपी घेतो ना, तसंच घोट्याच्या वर पट्टा बांधून घोट्याचं बीपी घ्यायचं, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं, दोन दंडांपैकी जो जास्त असेल त्याने. फक्त वरचा आकडा घ्यायचा, सिस्टॉलिक. निरोगी माणसात आडवं झोपल्यावर घोट्याचं प्रेशर दंडापेक्षा थोडं जास्तच असतं, म्हणून भागाकार १ किंवा त्याच्या जरा वर येतो. १.० ते १.४ नॉर्मल, ०.९ किंवा त्याखाली आलं तर पायाच्या धमन्यांमध्ये अडथळा आहे असं धरतात, आणि ०.४ च्या खाली गेलं की परिस्थिती गंभीर. १.४ च्या वर गेलं तर ते चांगलं नसतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, लोकांना वाटतं जास्त म्हणजे भरपूर रक्त.

स्टेथोस्कोपने घोट्याचं प्रेशर ऐकू येत नाही, त्यासाठी पेनाएवढा डॉपलरचा प्रोब लागतो. घोट्याला जेल लावायचं, प्रोब तिरका धरायचा आणि धमनीचा आवाज शोधायचा, मग पट्टा फुगवत न्यायचा, आवाज बंद झाला की अजून थोडा फुगवायचा आणि हळूहळू हवा सोडायची. आवाज परत ज्या आकड्याला आला तो आकडा लिहायचा. प्रत्येक पायात दोन जागा, एक पावलाच्या वर आणि एक आतल्या घोट्याच्या मागे. (हलणाऱ्या गोष्टीकडून येणाऱ्या लहरी बदलतात, हा परिणाम ख्रिश्चन डॉपलरने १८४२ मध्ये मांडला तो आकाशातल्या जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल होता, आणि आज आपण त्याच तत्त्वावर पायातलं रक्त ऐकतोय, मला हे अजूनही फार भारी वाटतं.)

आता ती गोष्ट.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. एक काका आले, सत्तरीच्या आसपासचे, डायबेटिस वीस-एक वर्षांचा. पायाच्या अंगठ्याला बाहेरून एक छोटी जखम, नवीन चपलेने घासून झालेली, चणाडाळीएवढी पण नसेल. दुखत नव्हतं, म्हणूनच तीन आठवडे कोणाला दाखवली नव्हती. पाऊल हाताला चक्क गरम लागत होतं. मी सगळं व्यवस्थित केलं, दहा मिनिटं झोपवून ठेवलं, दोन्ही दंड, दोन्ही घोटे. दंडाचं १४० आलं, त्या पायाच्या घोट्याचं १५२. भागाकार १.०९. मी "नॉर्मल" लिहिलं.

पण आवाज बरोबर नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. चांगल्या धमनीचा आवाज तुटक असतो, त्यात तीन भाग ऐकू येतात, एक जोरकस ठोका, लगेच एक छोटा मागे फिरल्यासारखा, मग एक हलका पुढे. त्याला आम्ही ट्रायफेजिक म्हणतो. काकांच्या घोट्याला जो आवाज येत होता तो नुसता हूऽऽश, हूऽऽश, वाऱ्यासारखा, एकच भाग, त्याला ना सुरुवात ना शेवट. मोनोफेजिक. असा आवाज येतो तेव्हा वर कुठेतरी अडथळा असतो आणि खालचं रक्त कसंबसं, आजूबाजूच्या बारीक वाटांनी येत असतं. मी ते ऐकलं, क्षणभर थांबले पण, प्रोबचा कोन बदलून पाहिला, आणि मग आकड्याकडे बघून स्वतःची समजूत काढली की प्रेशर इतकं छान आलंय तर माझा प्रोबच नीट धरला नसेल. आवाजाबद्दल एक शब्द लिहिला नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते पण ते आमच्या नोंदींवर विसंबून सही करतात, आणि माझ्या नोंदीत सगळं चांगलंच होतं.

सात आठवड्यांनी काका परत आले तेव्हा अंगठ्याचं टोक काळं पडलेलं होतं.

त्या दिवशी आमच्या सिनियर मॅडमनी स्वतः तपासणी केली. घोट्याचं प्रेशर परत चांगलंच आलं. मग त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी एक इवलासा पट्टा बांधला आणि बोटाला प्रकाशाचा सेन्सर लावला. अंगठ्याचं प्रेशर २८. दंडाचं १३६. भागाकार ०.२१, आणि नॉर्मल असायला हवं ०.७ च्या वर. मॅडम मला काही बोलल्या नाहीत, फक्त स्पीकरचा आवाज मोठा केला आणि घोट्यावर प्रोब धरून माझ्याकडे बघत राहिल्या. तोच वारा.

हे असं का होतं ते मी त्यानंतर बसून नीट समजून घेतलं, आणि डायबेटिस असलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. बीपीचा पट्टा काम कसा करतो, तर बाहेरून दाबून धमनी बंद करतो. जेवढं प्रेशर आत आहे तेवढं बाहेरून द्यावं लागतं, म्हणून आकडा मिळतो. पण जुन्या डायबेटिसमध्ये, आणि किडनीच्या आजारात तर फारच, पायाच्या धमन्यांच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साठत जातं आणि धमनी रबरी नळीसारखी राहत नाही, लोखंडी पाइपसारखी कडक होते. साध्या एक्सरेमध्ये सुद्धा कधीकधी ती पावलात रुळासारखी पांढरी दिसते. आता अशा पाइपला बाहेरून दाबून बंद करायचं तर जोर जास्त लागणारच, आणि तो जास्तीचा जोर आकड्यात मिळून येतो. म्हणजे आत रक्त कमी, पण आकडा मोठा. कधी तर पट्टा २५० पर्यंत फुगवला तरी आवाज बंदच होत नाही, ते एक परवडलं, कारण तेव्हा १.४ च्या वरचा आकडा बघून सगळ्यांना शंका येते. घात होतो तो मधल्या लोकांचा, ज्यांचं खरं प्रेशर पडलेलं असतं पण कॅल्शियममुळे फुगून बरोबर नॉर्मलच्या चौकटीत येऊन बसतं. काकांचा १.०९ तसाच होता. माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचा १.२ तसा असेल की नाही हे त्या एका आकड्यावरून कोणीच सांगू शकत नाही, हेच मी तिला सांगितलं.

बोटांच्या बारीक धमन्यांमध्ये मात्र हे कॅल्शियम त्यामानाने कमी साठतं, म्हणून अंगठ्याचं प्रेशर डायबेटिसमध्ये जास्त भरवशाचं. आणि जखम बरी व्हायची तर रक्त शेवटी बोटापर्यंतच पोचायला हवं ना, घोट्यापर्यंत येऊन काय उपयोग. अंगठ्याचं प्रेशर ६० च्या वर असेल तर रक्तपुरवठ्याची फारशी काळजी नसते, ३० च्या खाली गेलं तर जखम आपोआप भरण्याची आशा खूप कमी आणि व्हॅस्क्युलर सर्जनकडे तातडीने जायला हवं, आणि मधल्या आकड्यांमध्ये जखम किती मोठी, इन्फेक्शन किती, हे सगळं मिळून ठरवतात. सर्जन लोक याची एक वर्गवारी वापरतात २०१४ पासून, वायफाय म्हणतात तिला, इंटरनेटवालं नाही, जखम, रक्ताची कमतरता आणि पावलाचं इन्फेक्शन या तिघांना ० ते ३ असे गुण देऊन पाय जाण्याचा धोका काढतात. ही तपासणी करताना एक काळजी घ्यावी लागते, पाय गार असेल तर बोटांच्या धमन्या आकसतात आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून आम्ही आधी पाय पांघरुणात गरम होऊ देतो. पेशंटना वाटतं उगाच वेळ घालवतायत. नाही हो, त्या वेळाशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आता ते गरम पाऊल. याने मी फसले आणि अजूनही लोक फसताना बघते. आपल्याला वाटतं रक्त कमी म्हणजे पाय गार पडणार. पण डायबेटिसमध्ये फक्त स्पर्शाच्या नसा खराब होतात असं नाही, रक्तवाहिन्यांना आवळणाऱ्या-सोडणाऱ्या नसा पण खराब होतात, आणि मग रक्त धमनीतून थेट शिरेत पळतं, कातडीच्या बारीक वाहिन्यांना बगल देऊन. पाऊल गरम, वरच्या शिरा फुगलेल्या, आणि पेशी मात्र उपाशी. म्हणून "पाय गरम आहे म्हणजे रक्त आहे" हे वाक्य डायबेटिसवाल्या माणसाबद्दल बोलूच नये.

तसंच दुखण्याचं. पायाला रक्त कमी पडतं तेव्हा साधारणपणे माणूस ठरावीक अंतर चालला की पोटरीत गोळे येतात, थांबलं की दोन-चार मिनिटांत कमी होतात, परत तेवढंच चाललं की परत येतात. हे लक्षण इतकं ठरावीक असतं की नुसतं ऐकून ओळखता येतं. पण नसा बधिर असतील तर ते दुखतच नाही, किंवा गुडघे-डोळे-दम या सगळ्यामुळे माणूस मुळात तेवढं चालतच नाही, मग पोटरीला तक्रार करायची वेळच येत नाही. आणि आपण मुद्दाम विचारलं तर म्हणतात "वयामुळे पाय भरून येतात." रात्री झोपेत पाऊल दुखून जाग येणं आणि पलंगाखाली पाय लोंबता सोडला की बरं वाटणं, हे मात्र कोणाच्या घरात होत असेल तर कृपा करून वाट बघू नका, ते फार पुढचं लक्षण आहे.

अजून एक, पायाचा लालपणा. रक्त फार कमी असलेलं पाऊल खाली सोडलं की गडद लाल दिसतं आणि घरच्यांना वाटतं इन्फेक्शन झालंय किंवा उलट वाटतं की बघा किती छान रक्त आलंय. झोपवून तोच पाय वर उचलून धरला की एक-दोन मिनिटांत पांढराफटक पडतो. इन्फेक्शनचा लालपणा असा वर केल्याने पळून जात नाही. ही फार जुनी तपासणी आहे, बर्गर टेस्ट, काहीही मशीन लागत नाही, आणि मला ती फार आवडते कारण पेशंटच्या मुलाला-सुनेला पण डोळ्यांनी दिसतं.

पायाची नाडी हाताने बघणं तर प्रत्येक डायबेटिसच्या पेशंटची वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवं, पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्याच्या मागची. मोजे काढून. मोजे काढून हे मी मुद्दाम लिहितेय. काही लोकांमध्ये पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, त्यामुळे एक नाही लागली म्हणून घाबरून जायचं नाही, पण दोन्ही लागत नसतील तर पुढची तपासणी करायची. आणि लागली म्हणजे सगळं ठीकच असं पण नाही, तपासणाऱ्याला स्वतःच्या बोटातले ठोके जाणवतात कधीकधी, हे आमच्यातल्या सगळ्यांना कधी ना कधी झालेलं असतं.

हल्ली काही ठिकाणी चारही हातापायांना पट्टे लावून बटण दाबलं की दोन मिनिटांत एबीआय देणारी मशीन आलीत. गर्दीच्या शिबिरात ती ठीक आहेत, कोणाचा आकडा कमी आला तर पुढे पाठवता येतो. पण कडक धमन्यांमध्ये आणि फार कमी प्रेशरमध्ये ती चुकतात, आणि पुष्कळदा रिपोर्टवर नुसता आकडा येतो, धमनीच्या लाटेचा आलेख नाही, आवाजाचं वर्णन नाही. माझं मत विचाराल तर जुना डायबेटिस आणि पायाला जखम असलेल्या माणसाला नुसता आकड्याचा रिपोर्ट देऊन घरी पाठवणं बरोबर नाही. हातात डॉपलर घेऊन कोणीतरी ऐकलं पाहिजे, आणि ऐकलेलं लिहिलं पाहिजे.

पुढच्या तपासण्या म्हणजे कलर डॉपलर, त्यात धमनी कुठे अरुंद झालीय ते चित्रात दिसतं. कातडीतला ऑक्सिजन मोजायचं पण एक यंत्र असतं, कातडी थोडी गरम करून मोजतात, त्यात २५ च्या खाली आकडा आला तर वाईट. सीटी अँजिओ किंवा प्रत्यक्ष अँजिओग्राफी ही सहसा पुढे काही करायचं ठरत असेल तेव्हा, कारण धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून त्यात जे औषध टोचतात ते किडनीला त्रास देऊ शकतं आणि डायबेटिसमध्ये किडनी आधीच नाजूक असते, शिवाय कॅल्शियम जास्त असेल तर सीटीमध्ये बारीक धमन्यांचं आतलं नीट दिसत नाही. डायबेटिसमध्ये अडथळे बहुतेक गुडघ्याखालच्या तीन धमन्यांमध्ये असतात, आणि चांगली गोष्ट ही की पावलातल्या धमन्या कित्येकदा शाबूत असतात, म्हणून वरचा रस्ता मोकळा करून दिला तर खाली रक्त घ्यायला जागा असते. "गुडघ्याखालचं आहे, काही करता येणार नाही" असं ऐकून घरी बसलेली माणसं मी बघितलीत, म्हणून हे लिहिलं. आणि बाकी सगळे आकडे बरे असूनही, नीट ड्रेसिंग, पायावर भार न देणं हे सगळं करून चार ते सहा आठवड्यांत जखम भरत नसेल, तर धमन्यांचं चित्र काढून बघायला सांगा. काकांच्या वेळी सातवा आठवडा उजाडला होता.

एक महत्त्वाचं राहिलं, सूज आली म्हणून घट्ट कॉम्प्रेशनचे मोजे किंवा पट्ट्या. पायात रक्त किती पोचतंय हे न बघता ते घालू नका. ज्या पायात मुळात प्रेशर ५०-६० आहे त्याला बाहेरून आवळलं तर काय होईल विचार करा. गरम पाण्याच्या पिशवीचं पण तसंच, बधिर पायाला चटका कळत नाही आणि रक्त कमी असेल तर भाजलेलं भरत नाही.

आणि हो, पायाच्या धमन्यांमध्ये अडथळा सापडला तर तो फक्त पायाचा प्रश्न नसतो. त्याच माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्या पण बघायला लागतात, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढलेला असतो, १.४ च्या वर आकडा असलेल्यांचा सुद्धा. कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, तंबाखू पूर्ण बंद, हे सगळं डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लगेच सुरू व्हायला हवं, भले पाय दुखत नसला तरी.

मैत्रिणीला मी शेवटी एवढंच सांगितलं की सासऱ्यांना परत घेऊन जा आणि दोन गोष्टी विचार, अंगठ्याचं प्रेशर घेतलंय का, आणि घोट्याचा आवाज कसा होता, ट्रायफेजिक की मोनोफेजिक. डॉक्टरांना राग येणार नाही, उलट बरं वाटेल. परवा तिचा मेसेज आला, अंगठ्याचं प्रेशर ४४ निघालंय, आता कलर डॉपलर आहे.

काकांचं सांगायचं राहिलं. त्यांची गुडघ्याखालच्या दोन धमन्यांची अँजिओप्लास्टी झाली, अंगठा काढावा लागला, पाऊल वाचलं. दीड महिन्याने ते तपासणीला आले तेव्हा मॅडमनी मुद्दाम मलाच पाठवलं. अंगठा नव्हता म्हणून शेजारच्या बोटाला पट्टा बांधला, ५४ आलं. मी त्यांना सांगितलं की पहिल्या वेळी मला आवाज वेगळा ऐकू आला होता आणि मी तो लिहिला नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता कसा येतोय, मला ऐकव पोरी." मी स्पीकर मोठा केला आणि दोघांनी ऐकला, पूर्ण तीन भागांचा नव्हता, पण दोन भाग स्वच्छ होते. जखम बंद व्हायला त्यानंतर अजून अडीच महिने लागले.